पाच हात उंची

मापसाहेबांच्या मागच्या अंगणातल्या छपरात शिरायचं तर वाकावं लागतं. घरची माणसं सवयीने वाकतात, नेहमीचे येणारे आठवणीने वाकतात आणि नवखा माणूस आधी कपाळ आपटून घेतो, मग वाकतो. कपाळ चोळत त्याने विचारलं, "हे एवढं बुटकं का केलंत?" की मापसाहेब शांतपणे सांगतात, "बुटकं नाही. मापात आहे." ज्या माणसाने चौतीस वर्षं वजनमापे खात्यात काढली, त्याच्याशी मापावरून वाद घालण्यात काही अर्थ नसतो.

मापसाहेब हे नाव गल्लीने दिलेलं. नोकरीत असताना त्यांची काळी पिशवी कोपऱ्यावर दिसली की दुकानदार तागडीखालचा मेणाचा गोळा काढून खिशात टाकत. वजनं, लिटरची मापं, कापड मोजायच्या पट्ट्या, सगळं ते तपासत, शिक्का मारत आणि नोंद करत. कोणताही शिक्का एका वर्षाचा. वर्ष झालं की ते माप पुन्हा तपासायचं, मग ते कितीही इमानदार का असेना. "माप बिघडत नाही, माणूस बिघडतो. म्हणून माप तपासायचं," हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि ते घरात इतक्यांदा म्हणून झालं होतं की बायको ते त्यांच्या आधी पुरं करायची.

निवृत्तीला खात्याने त्यांना स्टीलची टेप दिली. तिच्यासोबत प्रमाणपत्र होतं. टेप चामडी डबीत, प्रमाणपत्र घडी करून तिच्या झाकणात आणि डबी बैठकीच्या खोलीतल्या खिळ्याला. घरातल्या कोणालाही तिला हात लावायची मुभा नव्हती. प्रमाणित टेप दुसऱ्याच्या हातात गेली की ती नुसती टेप उरते, असं त्यांचं म्हणणं होतं.

तर हे छप्पर झालं त्या वर्षी त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन आला.

"दादा, मी एक तारखेला येते आणि आईला घेऊन जाते," ती म्हणाली. "कायमची."

"का? इथे काय कमी आहे?"

"कमी काही नाही रे. पण पडल्यापासून ती त्या खिडकीशी बसून असते. आमच्या सोसायटीत लिफ्ट आहे, खाली बाग आहे, बाकं आहेत. डॉक्टरांनी सांगितलंय ना, रोज उघड्यावर बसवा म्हणून? तुमच्याकडे उघड्यावर बसायला आहे काय?"

मापसाहेबांनी मागच्या दारातून पाहिलं. मागे अंगण होतं, पण तिथे कपडे वाळत घालायची दोरी, एक मोडकी सायकल आणि दुपारभर रणरणतं ऊन. आईला ब्याऐंशी वर्षं झाली होती. खुब्याचं हाड जुळलं होतं, काठी घेऊन ती चालायची, पण चालून जायचं कुठे, हा प्रश्नच होता. म्हणून ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसायची आणि दोरीवरचे कपडे बघायची.

फोन ठेवताना मापसाहेब जे बोलून गेले त्याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं. "आहे की. नानांनी काढून ठेवलीय जागा. एक तारखेच्या आत उभी करतो."

नाना म्हणजे त्यांचे वडील, शाळेत चित्रकलेचे मास्तर. ताडमाड उंच माणूस, खिशात कायम खडू आणि सदऱ्याच्या बाहीला रंग. हे घर बांधून झालं त्या वर्षी त्यांनी कॅलेंडरच्या एका पानाच्या मागे एक चित्र काढलं होतं: सहा खांबांची, सहा कोनांची उघडी जागा, आत गोल बाक, वर टोपीसारखं, कडा हातभर खाली उतरलेलं छप्पर. खाली सुंदर अक्षरात 'बसायची जागा', आणि कडेला मापं. उंची पाच हात. मध्यापासून खांब तीन हात. बाक एक हात. आईला त्यांनी कबूल केलं होतं, पुढच्या सुट्टीत करू. मग प्रत्येक सुट्टी पुढची होत गेली. एकदा लाकूड आणलं त्याचं शाळेच्या नाटकासाठी सिंहासन झालं. एकदा बहिणीचं लग्न निघालं. मग नानाच गेले, आणि ते पान कपाटाच्या खणात सगळ्यात खाली अंथरलेलं राहिलं. त्यावर आईच्या साड्या होत्या. ते तिथे आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच कोणी काढून पाहिलं नव्हतं.

मापसाहेबांनी ते पान काढलं, टेबलावर पसरलं आणि बायकोला हाक मारली.

"याला आजकाल गझिबो म्हणतात," बायको चष्मा लावून म्हणाली. "परवा मासिकात बघितला. सुतार बोलावणार ना?"

"सुतार कशाला? खांब, फळ्या, खिळे. यात सुताराने करण्यासारखं काय आहे?"

बायको काही बोलली नाही. ती काही बोलली नाही की मापसाहेबांना ती काय बोलली असती ते स्पष्ट ऐकू यायचं. भिंतीत खिळा ठोकताना ते शेजारच्या घरात निघाले होते, त्याला फार वर्षं झाली नव्हती.

शेजारच्या घरात अनुभवीकाका राहत. वाक्याची सुरुवात "माझा अनुभव सांगतो" अशी असल्याशिवाय त्यांना बोलता यायचं नाही, म्हणून हे नाव. छप्पर होणार हे कळल्यावर ते दहा मिनिटांत कुंपणाशी हजर झाले.

"माझा अनुभव सांगतो. खांब जमिनीत गाडू नका, वाळवी लागते. सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभे करा."

हा सल्ला चांगला होता. दुर्दैवाने तो पहिला होता, आणि पहिला सल्ला चांगला निघाला की माणूस पुढचे वीस ऐकून घेतो. दरवाजा कोणत्या दिशेला, पत्रा कोणत्या रंगाचा, मधमाश्या कुठे पोळं करतात, भिंत नसेल तर चोर कसा येतो आणि असेल तर कसा येतो, हे सगळं मापसाहेबांनी उन्हात उभं राहून ऐकलं. त्यात शेवटचा सल्ला घातक होता. "आणि परवानगी काढा बरं का. माझ्या साडूने नाही काढली. पाडलं त्याचं."

लाकडाच्या वखारीत निराळाच प्रसंग घडला. वखारवाला म्हणाला, "साहेब, माप सांगा, मशीनवर सहाही खांब एका झटक्यात कापून देतो. केसाचा फरक पडणार नाही." मापसाहेबांना ते लागलं. ज्या माणसाच्या मापावर उभ्या बाजाराने माना खाली घातल्या, त्याला वखारवाल्याने कापून द्यावं? "अखंड द्या," ते म्हणाले. "आम्ही मोजून घेऊ." पुढे काय काय झालं ते बघता हे वाक्य त्यांनी गिळलं असतं तर बरं झालं असतं. पण बोललेलं वाक्य आणि कापलेलं लाकूड परत जोडता येत नाही.

सहा ठोकळ्यांच्या जागा आखायचं काम मात्र त्यांनी मोठ्या प्रेमाने केलं. लहानपणी नानांनी शिकवलं होतं: वर्तुळ काढायचं, त्याचीच त्रिज्या घेऊन परिघावर फिरत जायचं, सहा पावलं झाली की आपण निघालो तिथेच परत येतो. लहानपणी त्यांना ही जादू वाटायची. जगात काहीतरी असं आहे की ते सहा वेळा पुढे जाऊनही बरोबर घरी येतं, याचं त्यांना फार सुख व्हायचं. आता बासष्टाव्या वर्षी ते अंगणाच्या मध्यावर खुंटी ठोकून, दोरी ताणून, चुन्याची रेघ मारत ओणव्याने फिरले. सहा पावलं झाली आणि ते निघाल्या जागेपासून वीतभर लांब पोचले. पुन्हा फिरले. या वेळी वीतभर अलीकडे. आई खिडकीतून बघत होती.

"दोरी नायलॉनची आहे रे," ती म्हणाली. "ताणते ती. सुताची घे."

सुताची घेतली आणि ते बरोबर घरी आले. त्यांनी खिडकीकडे पाहिलं तर आई हसत होती. तिला तोंड भरून हसताना त्यांनी पडल्यापासून पाहिलं नव्हतं. ही खिडकी एक तारखेनंतर रिकामी असेल, हे त्यांना तोवर नीट कळलंच नव्हतं. खरं म्हणजे ते आईला सरळ म्हणू शकले असते की जाऊ नकोस. पण त्या घरात अशी वाक्यं म्हणायची पद्धत नव्हती. नानांनीही कधी म्हटली नव्हती. ते चित्र काढायचे.

परवानगीसाठी ते नगरपालिकेत गेले. खिडकीतल्या कारकुनाने चित्र उलटं धरून पाहिलं, मग सुलटं.

"भिंती किती?"

"एकही नाही."

"मग हे बांधकाम नाही. याला परवानगी लागत नाही."

"ठीक आहे. तसं लिहून द्या."

"लिहून हवं असेल तर अर्ज करावा लागेल."

"कशाचा अर्ज?"

"बांधकाम परवानगीचा. मग आम्ही तो नामंजूर करू, परवानगीची गरज नाही या कारणाने. त्याची प्रत तुम्हाला मिळेल."

दुसरा कोणी असता तर चिडला असता. मापसाहेबांना या पद्धतीत सौंदर्य दिसलं. त्यांनी अर्ज भरायला घेतला. अकराव्या रकान्यात उंची होती. त्यांनी लिहिलं, पाच हात.

कारकून म्हणाला, "हात चालत नाही साहेब."

हेच वाक्य मापसाहेबांनी हजारदा उच्चारलं असेल. कोपऱ्यावरचा कापडवाला एकदा घाईत गिऱ्हाइकाला कोपरापासून बोटापर्यंत हाताने कापड मोजून देताना सापडला होता, त्याला त्यांनी हेच सुनावलं होतं, चार गिऱ्हाइकांदेखत. ते ऐकायला कसं वाटतं हे मात्र त्यांना पहिल्यांदाच कळलं. पुस्तकी हात म्हणजे अठरा इंच, असा हिशेब करून त्यांनी मीटरमध्ये तीन दशांश स्थळांपर्यंत उंची लिहिली. मग शिक्का मारणारे साहेब रजेवर निघाले. दुसऱ्या खेपेला साहेब होते, पण शिक्का कुलपात आणि किल्ली बैठकीला गेलेली. तिसऱ्या खेपेला एक तारखेला चारच दिवस उरले होते.

त्या सकाळी निघताना मापसाहेबांनी टेप सोबत घेतली, न जाणो कोणी माप सिद्ध करायला सांगितलं तर प्रमाणपत्रासकट असलेली बरी. दिवस फुकट जाऊ नये म्हणून मेहुण्याला बोलावून ठेवलं होतं. बायकोचा हा धाकटा भाऊ सहा फूट दोन इंच, आणि त्याच्या अंगात उत्साह उंचीच्या मानाने जास्तच होता. अनुभवीकाका न बोलावता येणार होते. टेबलावर मापसाहेबांनी खात्याच्या शैलीत चिठ्ठी ठेवली: 'खांब सहा. प्रत्येकी पाच हात. कापून ठेवावेत.'

दुपारी अडीच वाजता नामंजुरीची प्रत विजयाने फडकावत ते परत आले. अंगणात सहा खांब आपापल्या ठोकळ्यांवर उभे होते, तात्पुरत्या टेकूंनी धरलेले. मापसाहेबांनी ते पाहिले. डोळे मिटले. उघडले. खांब तसेच होते. दोन उंच, दोन मध्यम, दोन ठेंगणे. पाचही बोटं सारखी नसतात म्हणतात, इथे सहाही सारखी नव्हती.

"कोणी कापले?" त्यांनी विचारलं.

"मी दोन, काकांनी दोन, ताईने दोन," मेहुणा घाम पुसत म्हणाला. "काम वाटून घेतलं भाऊजी."

"कशाने मोजलेत?"

तिघांनी एकदमच आपापला उजवा हात कोपरापासून उभा करून दाखवला. मेहुण्याचा हात म्हणजे वासाच होता. काकांचा बेताचा. बायकोचा त्याहून लहान.

"चिठ्ठीत हात लिहिलं होतं," बायको म्हणाली. "टेप तुम्ही घेऊन गेलात."

"तुझी शिवणाची टेप होती की."

"ती अप्रमाणित म्हणून तुम्हीच गेल्या वर्षी फेकून दिलीत. मग मोजायचं कशाने, पायाने?"

मापसाहेब पायरीवर बसले. मग वाद सुरू झाला की खरा हात कोणाचा. काका म्हणाले, माझा अनुभव सांगतो, मध्यम माणसाचा हात प्रमाण धरतात. मेहुणा म्हणाला, उंच ठेवा, हवा खेळेल. बायको म्हणाली, माझे दोन ठेवून बाकीचे कापा, लाकूड कापता येतं, वाढवता येत नाही. मापसाहेब म्हणाले, हात म्हणजे अठरा इंच, पण तशी मोजणी केली तर बायकोचे दोन खांब कमी भरत होते आणि वखारवाल्याकडे पुन्हा जाण्यापेक्षा त्यांनी छपराशिवाय राहणं पत्करलं असतं.

अशी बातमी गल्लीत राहत नाही. संध्याकाळी माणसं फाटकातून डोकावून जाऊ लागली. मापसाहेबांच्या मापात फरक, हे वाक्यच असं होतं की लोकांना ते एकदा तरी बोलून बघावंसं वाटत होतं. सगळ्यात शेवटी कोपऱ्यावरचा कापडवाला आला. आता त्याचेही केस पिकले होते. त्याने सहाही खांबांकडे सावकाश पाहिलं, मग पाठीमागे लपवलेली लोखंडी पट्टी पुढे केली.

"ठेवून घ्या साहेब, लागेल," तो नम्रपणे म्हणाला. "तुमचाच शिक्का आहे तिच्यावर."

मापसाहेबांनी पट्टी घेतली. सवयीने उलटी करून पाहिली. सवयीने म्हणाले, "शिक्क्याची मुदत संपलीय."

"हो ना," कापडवाला म्हणाला. "तुम्ही गेल्यापासून कोणी येतच नाही बघा." आणि त्यात टोमणा नव्हता. जुन्या दिवसांची आठवण दोघांनाही एकदमच आली. मग बायकोने कापडवाल्याला चहा दिला.

आई तोवर खिडकीतून उठून काठी टेकत मागच्या दारापर्यंत आली होती. ती चौकटीला धरून उभी राहिली.

"मी दुपारपासून सांगतेय," ती म्हणाली, "पण तुम्ही सगळे एकदम बोलता. कोणाचा हात धरलात?"

"तोच तर प्रश्न आहे आई," मापसाहेब म्हणाले. "नानांचा हात केवढा होता ते आता कसं कळणार?"

"त्यांचा कशाला? त्यांनी माझा धरला होता."

मेहुण्याने हातातली करवत खाली ठेवली.

"बसणार मी होते ना," आई म्हणाली. "ते म्हणाले, तुझ्या मापाने करू. स्वयंपाक चालला होता माझा, हाताला पीठ होतं. इथेच उभी केली मला, हात चौकटीला लावायला लावला आणि एकावर एक खुणा केल्या. वरच्या दोन माझा हात पोचेना तेव्हा दोरा घेतला, तेवढाच. पीठ लागलं म्हणून मी चौकट पुसायला निघाले तर मला म्हणाले, राहू दे. त्या बघ, आहेत अजून."

मापसाहेब उठले. चौकटीच्या आतल्या बाजूला, रंगाच्या तीन थरांखाली, पाच आडव्या खाचा होत्या. त्या त्यांना पाठ होत्या. त्या आपल्या आणि बहिणीच्या वाढत्या उंचीच्या खुणा आहेत असं ते आयुष्यभर समजत आले होते. पाहुण्यांना दाखवल्या होत्या. बायको नवी घरात आली तेव्हा तिलाही दाखवल्या होत्या की ही माझी सहाव्या वर्षाची, ही तेराव्या, सगळ्यात वरची नानांची आणि सगळ्यात खालची बहीण झाली तेव्हाची. आता त्यांनी कापडवाल्याची पट्टी लावली. अडतीस सेंटिमीटर. मग पुन्हा अडतीस. पुन्हा अडतीस. पाचही अंतरं तंतोतंत सारखी.

"मुलं काही इतकी एकसारखी वाढत नाहीत," बायको हळूच म्हणाली.

"आणि अडतीस सेंटिमीटरचं मूल उभं राहत नाही," मेहुणा म्हणाला.

चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या पट्ट्या तपासणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या दारात एक माप उभं होतं, आणि त्याने ते कधी तपासलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. एरवी हा अपमान मापसाहेबांना महिनाभर पुरला असता. पण त्यांना अपमान वाटला नाही. त्यांना दिसत होते ते पीठ लागलेल्या हाताला चौकटीवर धरून उभे असलेले नाना, बाहीला रंग लागलेले, आणि त्यांच्या खांद्यालाही न पोचणारी ही बाई. ते ठोकळ्यांची पाहणी करण्याच्या निमित्ताने अंगणाच्या पलीकडच्या टोकाला गेले.

दुसऱ्या दिवशी सहाही खांब आईच्या पाच हातांवर कापले. सुदैवाने तिच्याहून लहान हात कोणाचाच नव्हता. या वेळी टेप मापसाहेबांनी स्वतः खिळ्यावरून काढली आणि मेहुण्याच्या हातात दिली. बायकोने हे पाहिलं. पत्रा बसवताना काका शिडीवरून सल्ला देत होते आणि शिडी मेहुणा धरून होता, तेवढ्यात मेहुण्याला शिंक आली. काका कपडे वाळत घालायच्या दोरीवर उतरले आणि त्यांना काही लागलं नाही. हा अनुभव मात्र ते कोणाला सांगत नाहीत. बाक करताना एक फळी उलटी बसली, ती अजून डुगडुगते.

एक तारखेला बहीण आली. ती थेट मागे गेली, छपरात शिरली आणि तिने कपाळ आपटून घेतलं.

"दादा, किती बुटकं केलंस हे."

तिच्यामागून आई आली. काठी टेकत, पण ताठ. ती एका पावलालाही न थांबता, मान न झुकवता, सरळ आत चालत गेली आणि बाकावर बसली. तिचे पाय जमिनीला पुरले. घरातल्या एकाही खुर्चीवर ते पुरत नसत, हे त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्यांच्या लक्षात आलं.

"ह्यांना म्हटलं होतं मी तेव्हा," ती बाकावरून हात फिरवत म्हणाली, "माझ्या मापाने केलंत तर तुम्हाला वाकावं लागेल. तर म्हणाले, तू सरळ जा. ज्याला तुझ्याकडे यायचंय तो वाकून येईल."

बहीण कपाळ चोळत होती, ती थांबली. मग वाकून आत येऊन आईशेजारी बसली. बराच वेळ कोणी बॅगेचा विषय काढला नाही. अखेर बहिणीनेच विचारलं, "मग आई, निघायचं ना?"

"मला अजून कोणी विचारलंय का?" आई म्हणाली. "तू न्यायचं ठरवलंस. ह्याने ठेवायचं ठरवलं. मी आपली खिडकीत."

मापसाहेब छपराबाहेर उभे होते. आता म्हणायला हवं होतं. शब्द तोंडापर्यंत आले आणि तिथेच बसले. मग ते घरात गेले आणि कॅलेंडरचं पान, पेन आणि टेप घेऊन आले. वाकून आत आले, आईसमोर गुडघ्यावर बसले आणि तिचा उजवा हात बाकावर ठेवून कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजला. नानांच्या मापांच्या कडेला समासात त्यांनी खात्याच्या अक्षरात लिहिलं: 'एक हात म्हणजे अडतीस सेंटिमीटर. पडताळले. माप बरोबर.' तारीख घातली, सही केली. मग तिच्याखाली आणखी एक ओळ आखली आणि लिहिलं, 'फेरपडताळणी पुढल्या वर्षी, याच तारखेला, याच जागी.'

आईने चष्मा मागून घेतला आणि ते सावकाश वाचलं.

"म्हणजे पुढल्या वर्षी मी इथे असायला पाहिजे," ती म्हणाली.

"नियम आहे," मापसाहेब खाली बघत म्हणाले.

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

आईने बहिणीकडे पाहिलं. "खात्याचा नियम आहे गं. मी तुझ्याकडे आठ दिवस येऊन जाईन." आणि मग मुलाच्या डोक्यावरून, केस विस्कटत, तोच मोजलेला हात फिरवला. "अगदी नानांवर गेलायस. त्यांनाही बोलता यायचं नाही."

ते पान आता चौकटीत घालून मागच्या दाराशी लावलेलं आहे. समासात नऊ तारखा आहेत, नऊ सह्या आहेत आणि नऊही वेळा माप अडतीसच भरलं. दहावी ओळ मापसाहेबांनी आधीच आखून ठेवली होती. ती तारीख आली तेव्हा आई नव्हती. ओळ तशीच कोरी आहे.